खोलीची मोजणी

जळकोटच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा मी खोली शोधत गावभर फिरले होते. शेवटी बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदारानं आपल्या घरामागची मोठी खोली दाखवली. साठी ओलांडलेला, कपाळाला विभूती लावणारा, मोजकं बोलणारा माणूस. गाव त्यांना अप्पा म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्यांची बायको म्हणजे अक्का. मुली उदगीर-निलंग्याकडे दिलेल्या, घरात दोघंच. घर वीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं, स्लॅबचं, साधंसुधं. मागची खोली घरातली सगळ्यात मोठी आणि सगळ्यात थंड होती. ती रिकामी का, हे मी विचारलं नाही.

सामान उतरवताना गिटारची पेटी बघून अप्पा म्हणाले, "मॅडम, आवाज-बिवाज करणार न्हाई ना?"

"हेडफोनवर वाजवते, अप्पा. बाहेर काहीच येत नाही."

"मग हरकत न्हाई," ते म्हणाले आणि खरंच हायसं वाटल्यासारखे दुकानाकडे गेले.

माझी गिटार मॉडेलरमधून वाजते. मॉडेलर म्हणजे पायाशी ठेवायचं, जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. गिटारची केबल त्याला जोडली की आतला संगणक मोठाल्या अँप्लिफायरची हुबेहूब नक्कल करतो. दिवसभर गायीम्हशींच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आल्यावर मला तेवढाच विरंगुळा होता. नांदेडला माझ्या मामेभावाचा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. भजनं, लग्नाची गाणी, रिक्षावरून फिरवायच्या जाहिराती असं सगळं तो करतो. त्याच्या गाण्यांत गिटार लागली की मी जळकोटहून वाजवून पाठवायची. अप्पा दुकानात असले की मी हेडफोन काढून दोन छोटे स्पीकर लावायची. अक्कांना मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वाजवा की माय, मला कुठं त्रास हाय?"

दीड वर्ष असं चाललं. मग भावाचा फोन आला.

"ताई, तुझी जाड तार कुठं गेली गं? तू पाठवलेल्या सगळ्या गाण्यांत एकच सूर बसून राहिलाय. जिन्याची एक पायरी काढून घेतल्यासारखं वाटतं."

मला राग आला. पुढच्या सुट्टीत नांदेडला गेले तेव्हा त्यानं मला स्टुडिओत बसवलं आणि डोक्यावर हेडफोन चढवले. प्रत्येक हेडफोनला स्वतःची एक खोड असते. एखादा खर्ज फुगवून ऐकवतो, एखादा वरचे सूर टोचरे करतो. ती खोड कुणीतरी मोजून ठेवलेली असते. करेक्शन लावलं की यंत्र तेवढीच उलटी दुरुस्ती करतं आणि कानाला मूळ आवाज मिळतो. भावानं करेक्शन सुरू केलं आणि माझंच वाजवणं मला ऐकवलं.

तो म्हणत होता ते खरं होतं. जाड तारेवरचा एक सूर यायची वेळ झाली की गाणं क्षणभर पोकळ व्हायचं. दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. प्रत्येकात त्याच जागी तेच भोक होतं.

"तू तिकडं स्पीकरवर ऐकून आवाज जुळवतेस," भाऊ म्हणाला. "तुझ्या खोलीत तो सूर इतका फुगून येत असणार, की तू मॉडेलरमध्ये तो कापत गेलीस. तुला कळलंबी न्हाई. हेडफोनची मोजणी आयती मिळते. स्पीकरचं तसं न्हाई, स्पीकरसोबत खोलीबी वाजते. तुझ्या खोलीची मोजणी तुलाच करावी लागंल."

त्यानं मला मोजणीचा एक माइक दिला, पेनासारखा बारीक. लॅपटॉपमध्ये सॉफ्टवेअर टाकून दिलं. मी संध्याकाळच्या एसटीनं परत निघाले. सगळा रस्ता मी एकच विचार करत होते. माझ्या हातांनी दीड वर्ष मी एक सूर खोडत होते, आणि तो सूर मुळात माझा नव्हताच.

मोजणी केली ती बाजाराच्या दिवशी, दुपारी. अप्पा अंधार पडेस्तोवर दुकानातून हलणार नव्हते. पुढच्या घरात अक्का आडव्या झाल्या होत्या. मी पंखा बंद केला, खिडकी लावली, माइक खोलीच्या मधोमध उभा केला आणि बटण दाबलं. स्पीकरमधून एक शीळ निघते, अगदी खालच्या सुरापासून वर चढत जाणारी. सुरुवातीला ती कानाला कळत नाही, पोटाला कळते. ती चढत चढत जाड तारेच्या सुराजवळ आली आणि माझ्या तळपायाखालची फरशी जागी झाली. दुसरा शब्द मला सुचत नाही. म्हशीच्या पाठीवर हात ठेवल्यावर कातडी थरारते, तशी फरशी थरारली. शीळ वर निघून गेली तरी ती थरारतच होती.

मी पुन्हा मोजलं. माइक दुसरीकडे ठेवला, पुन्हा मोजलं. लॅपटॉपवर उमटणाऱ्या प्रत्येक आलेखात त्याच जागी सुईसारखं एक उंच टोक येत होतं. खाटेजवळ माइक नेला तेव्हा टोक सगळ्यात उंच गेलं. मग मी नुसता तो एकच सूर लॅपटॉपवर लावला, चार सेकंद वाजू दिला आणि बंद केला.

मी बंद केलं, पण खोली थांबली नाही. खालून एक लांब, मऊ घुमारा येत राहिला, तोंड मिटून कुणी 'हूं' म्हणावं तसा. तांब्यावरचं फुलपात्र बारीक किणकिणलं आणि मग सगळं शांत झालं. बाहेर भर ऊन होतं, रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा चालू होता, आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

मी आलेख भावाला पाठवले. पाच मिनिटांत त्याचा फोन आला.

"हे खोलीच्या कोपऱ्यांचं नेहमीचं घुमणं न्हाई, ताई. ते पसरट असतं. हे सुईवानी हाय. तुझ्या पायाखाली काय हाय?"

"फरशी."

"अन् फरशीच्या खाली?"

मी खाली बघितलं.

"करेक्शन लावलं तर तो सूर कमी होईल," तो म्हणाला. "पण बंद केल्यावर जे वाजून राहिलंय ना, ते कुठलंच करेक्शन काढू शकत न्हाई. खाली पोकळ हाय काहीतरी."

फोन ठेवल्यावर मी दवाखान्याच्या पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. व्यालेल्या गायीचं पोट कधीकधी जागचं सरकतं आणि त्यात वायू भरतो. बरगड्यांवर स्टेथोस्कोप लावून शेजारी टिचकी मारली, की आतून रिकाम्या पितळी भांड्यासारखा आवाज येतो. तो आवाज कुठं सुरू होतो, कुठं संपतो, हे शोधत गेलं की पोट कुठवर फुगलंय ते बाहेरूनच कळतं. मी गुडघ्यांवर बसले, फरशीला स्टेथोस्कोप लावला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत निघाले. जिथं आवाज भरीव तिथं काही नाही, जिथं पोकळ तिथं खडूची खूण.

अर्ध्या तासानं मी उठून उभी राहिले आणि खुणा जोडल्या. ते वर्तुळ होतं. चांगलं मोठं, रेखीव वर्तुळ. जमिनीखाली आपोआप असं काही होत नाही. माझी खाट अर्धी त्याच्या आत होती. डोक्याकडची बाजू.

तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या. अक्का चहा घेऊन आल्या होत्या. त्या रोज चारला चहा आणायच्या आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून कप माझ्या हातात द्यायच्या. दीड वर्षात त्यांनी खोलीत पाऊल ठेवलं नव्हतं. मी ते त्यांचं सोवळं समजत होते. आज त्यांनी कप पुढं केला नाही. त्या फरशीकडे बघत होत्या.

"हे कुणी सांगितलं तुमाला?"

"कुणी नाही अक्का. यंत्रानं दाखवलं. इथं खाली काही आहे का?"

त्यांनी कप उंबऱ्यावर ठेवला आणि आत आल्या. माझ्या हातातला खडू घेतला, खाली बसल्या, आणि त्या मोठ्या वर्तुळाच्या आत, एका बाजूला, परातीएवढं दुसरं वर्तुळ काढलं. कुठंही न चाचपता, सरळ.

"तोंड हितं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी काढलं ते पोट हाय."

ते पेव होतं. आमच्याकडे पूर्वी ज्वारी जमिनीत साठवत. माठासारखा खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, वरून दगड आणि माती. दोन-दोन वर्षं ज्वारी टिकायची. पण बंद पेवात हवा मरते. उघडल्या उघडल्या उतरलेला माणूस आतच गुदमरतो, हे मराठवाड्यात सगळ्यांना ऐकून माहीत असतं. अक्कांनी ते पाहिलं होतं.

"माझ्या लग्नाला तीन म्हैने झाले होते," त्या सांगू लागल्या. "घरातली जवारी सरली. सासू म्हणली, माणसांना सांग. म्या सांगितलं. पाव्हणे येणार होते, घाई होती. एक दिवस उघडं ठेवायचं ते ठेवलं न्हाई. मोठे भावजी दोर धरून उतरले, हे वर उभे. एक टोपलं वर आलं. दुसरं आलं न्हाई."

"मग?"

"खालून भावजी बोलायलेत. आवाज लई मोठा येत होता, पर शबूद कळंना. घुमायचा नुसता. मग ह्यांनी बी पाय आत टाकला. म्या पाठीमागून कंबर धरली. तीन म्हैन्याची नवरी, लोकांसमोर. हे मला मारायलेत, सोड म्हणायलेत. म्या सोडलं न्हाई. माणसं गोळा होईस्तोवर आवाज थांबला होता."

गळ टाकून अप्पांच्या मोठ्या भावाचं प्रेत बाहेर काढलं. त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी पेवाचं तोंड दगडानं बंद केलं. पुढं जुनं घर पाडून हे नवं बांधलं तेव्हा अप्पांनी अक्कांना सांगितलं होतं, की मुरूम टाकून पेव पार बुजवलं आहे. ही खोली त्या दोघांची झोपायची खोली होती.

"पहिल्या रात्रीच मला ऐकू आलं," अक्का म्हणाल्या. "ट्रॅक्टर जाऊ द्या, मिरवणुकीतला ढोल वाजू द्या, वाजणारं पुढं निघून जातंय अन् हितं राहून जातंय. मी ह्यांना म्हणायची, खालून यायलंय. हे म्हणायचे, बुजवलेल्यातून काय येतंय? तुझ्या डोक्यात हाय. लातूरला नेलं, कान तपासले. कान चांगले निघाले. मग डोक्याच्या गोळ्या दिल्या. किती साल खाल्ल्या म्या." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "लावा बरं ते यंत्र."

मी तो सूर लावला. अक्का फरशीवर आडव्या झाल्या, पदर सावरून, कान जमिनीला टेकवून. मी सूर बंद केला. खालून ते लांब 'हूं' आलं.

अक्का हसल्या. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच हाय." एवढ्या सगळ्यात मला सर्वांत जास्त भीती वाटली ती त्या हसण्याची.

अप्पा दिवेलागणीला आले. घरात अक्का दिसल्या नाहीत म्हणून मागं आले, आणि त्यांना खोलीत खडूच्या वर्तुळात बसलेलं बघून दारातच थबकले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, म्या म्हणलं होतं, आवाज करू नका."

"त्यांना काय बोलता?" अक्का म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "बुजवलं म्हणला होतात तुमी."

अप्पा उंबऱ्यावर बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"उघडवलं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "गवंडी मुरमाचा ट्रॅक्टर घेऊन आलता. त्याला म्हणलं, बुजवलेलंच हाय, वरून फरशी टाक. ते तोंड पुन्हा बघायची हिंमत न्हाई झाली."

"मग मला कामून येडी ठरवलं?"

मला तिथून निघून जायचं होतं, पण दारात अप्पा होते. ते अक्कांकडे न बघता बोलले. "तुला ऐकू येतंय म्हणलं असतं, तर मला बी ऐकावं लागलं असतं."

अक्का उठल्या, पदरानं खडू झटकला आणि स्वयंपाकाला गेल्या. त्या रात्री मी पुढच्या खोलीत झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले.

चार दिवसांनी फरशी फोडली. एक गवंडी आणि दोन मजूर होते. काहीही झालं तरी कुणी आत उतरायचं नाही, हे मी सगळ्यांना दोनदा बजावलं. फरशी आणि काँक्रीट निघालं, खाली माती, मातीखाली जुना दगड. दगड पहारीनं सरकवला तेव्हा त्याची खालची बाजू ओली होती. आतून आंबूस, थंड वास आला. मी दोरीला कंदील बांधून खाली सोडला. पुरुषभर खोलीपर्यंत ज्योत सरळ होती. मग गेली. फडफडली नाही, मोठी-लहान झाली नाही. चिमटीत धरल्यासारखी गेली. मजूर दोन पावलं मागं सरकले.

तोंडावर जाळी टाकून दोन दिवस पेव उघडं ठेवलं, मळणीच्या वेळचा उडवणीचा पंखा लावून आत हवा भरली. तिसऱ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला. मी बॅटरीचा झोत टाकला. भिंतींना काळी पडलेली ज्वारी पोपड्यासारखी चिकटली होती. तळाशी एक टोपलं होतं. ते उपडं पडलं नव्हतं, नीट ठेवलेलं होतं, आणि शिगोशीग भरलेलं होतं.

अक्कांनी वाकून बघितलं. "भरून ठेवलं होतं की वो," त्या हळूच म्हणाल्या. अप्पा अंगणात उभे होते. बोलावलं तरी आले नाहीत. अक्कांनी मूठभर बेलाची पानं आत टाकली. मग दिवसभर मुरूम पडत राहिला. पाणी मारून, धुमसानं ठोकून तो बसवला, वर नवी फरशी आली.

फरशी वाळल्यावर मी पुन्हा मोजणी केली. सुई गेली होती. उरलं होतं ते कुठल्याही खोलीत असतं तेवढंच चढउताराचं घुमणं, आणि करेक्शननं तेही सरळ केलं. मी जाड तार छेडली. सूर आला, आणि हात ठेवताच थांबला. इतक्या दिवसांनी थांबला, की मलाच चुकल्यासारखं झालं. भावाला फाइल पाठवली, त्याचा लगेच अंगठा आला. माझ्या बाजूनं गोष्ट संपली होती.

दहा-बारा दिवस गेले असतील. दुपारी दीडच्या सुमारास अप्पा दुकान सोडून मागं आले. असं ते कधी करत नसत. चपला बाहेर काढून दारात उभे राहिले.

"मॅडम, वाजवायलात का?"

"नाही अप्पा." गिटार पेटीत होती.

"मग हे काय यायलंय?"

मी कान दिला. पलीकडे कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती. बाकी काही नव्हतं. तसं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गेले. दोन दिवसांनी पुन्हा आले. मग रोज येऊ लागले. "मॅडम, तेवढं यंत्र लावून बघा की." मी माइक उभा केला, शीळ सोडली, आलेख दाखवला. ही बघा रेघ, इथं पूर्वी टोक होतं, आता नाही. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "यंत्राला येत नसंल," ते म्हणाले.

एकदा मी त्यांना हेडफोन लावले, माइक जमिनीला टेकवला आणि आवाज होता तेवढा वाढवला. नुसती सळसळ होती, रिकाम्या माइकची असते ती. अप्पा डोळे मिटून ऐकत राहिले. त्यांचे ओठ हलत होते, ऐकलेलं मनात जुळवत असल्यासारखे.

"काय ऐकू येतंय अप्पा?"

"शबूद कळंना," ते म्हणाले.

मी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढून घेतले. अक्कांनी हे वाक्य मला सांगितलं तेव्हा अप्पा दुकानात होते. पण पेवाच्या तोंडाशी त्या दिवशी दोघंही होते, हे मला तेव्हा आठवलं.

अक्कांना मी सांगितलं. अप्पांना लातूरला दाखवा म्हणाले, ओळखीच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठी घेतली आणि देवाच्या कोनाड्यात ठेवली. ती तिथंच राहिली.

पावसाळ्याच्या तोंडावर माझी नांदेडजवळ बदली झाली. सामान आधीच टेम्पोनं पुढं गेलं होतं, खोली मी चार दिवस आधी मोकळी केली होती आणि दवाखान्यातच राहत होते. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला मागं गेले. खोलीत सतरंजी अंथरली होती. अप्पा कुशीवर पडून होते, कान जमिनीला लागलेला, डोळे उघडे. दुकान त्या आठवड्यात उघडलंच नव्हतं, हे मला बाजारात कळलं होतं. शेजारी अक्का सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत बसल्या होत्या. खोलीच्या आत, भिंतीला टेकून, निवांत.

"अक्का, येते मी."

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू माय," त्या म्हणाल्या. "ऐकायलेत."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. अक्का खडे वेचायच्या थांबल्या होत्या, दाण्यांचासुद्धा आवाज होऊ नये म्हणून. मी उंबऱ्यावर उभी होते. गिरणी बंद होती, रस्ताही ओस होता. एवढ्या शांततेत आणखी क्षणभर थांबले असते तर मला काय ऐकू आलं असतं, ते मला माहीत नाही. मी चपला हातात घेतल्या आणि अंगण ओलांडेपर्यंत पायात घातल्या नाहीत.